न ऐकण्याची शिक्षा

१६ जानेवारी १९९७

जीपमधून उतरलो आणि कानात एकदम जुना आवाज भरला. पत्र्याच्या छपराखाली चाळीस पोरं एका सुरात कविता म्हणताहेत, ओळीचा शेवटचा शब्द लांबवताहेत, आणि वरचा पत्राही त्यांच्याबरोबर गुणगुणतो आहे. प्रत्यक्षात इथं शाळा सुटली होती. मुलं ताटं घेऊन हौदापाशी उभी होती. म्हातारपणी कानांची मोठी गंमत असते. समोरचं कमी ऐकू येतं आणि तीस वर्षांपूर्वीचं लख्ख.

सुंदररावानं मला इथं आणलं. माझा जुना विद्यार्थी. चकलांब्याच्या रस्त्यावर त्यानं ही निवासी शाळा काढली आहे. बहुतेक मुलांचे आईबाप दिवाळीनंतर कोयता घेऊन ऊसतोडीला जातात, ते उन्हाळ्यातच परततात. किल्लारीच्या भूकंपानंतर पुण्याच्या काही बाया तिकडं मुलांना बोलतं करत बसत. ते पाहिल्यापासून सुंदररावाच्या डोक्यात आहे की आपल्याही शाळेत मुलांच्या मनासाठी रोज एक तास असावा. नाव ‘मनमोकळा तास’. शिक्षक मी! वय सदुसष्ट, गुडघे दुखतात, घरी बोलायला कोणी उरलं नाही. पुन्हा पोरांत बसायला मिळणार म्हणून आज दोन घास जास्त गेले. स्वयंपाकाच्या सरस्वतीबाई म्हणाल्या, गुरुजी, तुमी लई वाळलाव, हितं भाकरी मोजून न्हाई मिळत.

२० जानेवारी

सुंदररावानं पुण्याच्या त्या बायांचा एक छापील कागद दिला. त्यात लिहिलं आहे, प्रत्येक मुलाला रोज एकदा तरी नाव घेऊन हाक मारा. आपण कोणाला तरी दिसतो, हे त्याला कळू द्या. मला हे फार पटलं. म्हणून माझ्या तासाची सुरुवात हजेरीनं. चौथीचा वर्ग, एकतीस मुलं. वीरेश असा ओरडून ‘हजर’ म्हणतो की बाहेरच्या लिंबावरचे कावळे उडतात. मनात येईल ते सांगा म्हटलं, तर त्यानं उठून तक्रार केली की सरस्वतीबाईंचं कालवण खाल्लं की कानातून वाफ निघते. सगळे हसले. मग एक मुलगी म्हणाली, तिला आईच्या लुगड्याचा वास आठवतो. त्यावर कोणी हसलं नाही.

शेवटच्या रांगेत कावेरी बसते. हजेरीला फक्त हात वर करते. आईबाप उसाच्या फडावर गेल्यापासून तिनं तोंड उघडलेलं नाही. सुंदरराव सर्व शिक्षकांसमोर म्हणाला, गुरुजी तिला बोलती करतील, आमच्या वर्गात गुरुजींनी कधी छडी हाती धरली न्हाई. मग त्यानं कौतुकानं माझी जुनी शिक्षा सांगितली. कविता पाठ नसलेल्या पोरानं ‘हजर’ म्हटलं की गुरुजी म्हणायचे, मला ऐकू आलं नाही, आणि हजेरीपटावर ‘गै’ मांडायचे. कविता येईपर्यंत ते पोरगं गैरहजर. वर्गानंही त्याला ऐकायचं नाही, बघायचं नाही. बिनमाराची शिक्षा! सगळे हसले.

मीही हसलो. चहा मात्र अर्धा ठेवला.

३१ जानेवारी

महिन्याची बेरीज करायला हजेरीपट उघडला. कावेरीच्या नावापुढं एकही ‘ह’ नाही. सगळे ‘गै’.

अक्षर माझं आहे. ‘ग’ला मी पायाशी बारीक आकडा देतो, तोही आहे. पण ती एकही दिवस चुकलेली नाही. तिचा वर केलेला हात मी रोज पाहिला आहे. नजर गेली म्हणावी, की हात? सगळं खोडून ‘ह’ केलं. कोणाला बोललो नाही.

६ फेब्रुवारी

आज चष्मा पुसून, एकेक नाव घेऊन मांडलं. कावेरीच्या नावाशी पेन थांबवलं. ‘ह’ काढला. काढताना पाहिला. तास संपल्यावर पट उघडला, तर ‘गै’.

मुलंही बदलली आहेत. वीरेश तिच्या चटईवर पाय पसरून बसला. ऊठ म्हटलं, तर म्हणाला, गुरुजी, हितं कोण हाय? तो खोडी काढत नव्हता. कावेरी त्याच्या पायांशी अंग चोरून बसली होती.

११ फेब्रुवारी

सरस्वतीबाईंनी तीसच ताटं मांडली. मी एकतिसावं मागितलं. त्या म्हणाल्या, गुरुजी, चौथीची पोरं तीसच हायती, तुमी दोनदा जेवायलाव का काय! आणि पदर तोंडाला लावून हसल्या. कावेरी त्यांच्यासमोर हात पुढं करून उभी होती. माझी भाकरी मी तिला दिली. तिनं घेतली, माझ्याकडं बघितलं. म्हणजे मी तिला दिसतो आणि ती मला. बाकी कोणाला नाही.

हे सुंदररावाला सांगायला हवं. पण सांगायचं तर पहिल्यापासून सांगावं लागेल.

१७ फेब्रुवारी

पहिल्यापासून लिहितो. तोंडानं सांगता येत नाही, निदान कागदावर.

चौसष्ट साल. सिंदफणेकाठचं गाव, आता ते माजलगावच्या धरणात गेलं. मी तरुण होतो, कविता करायचो, आणि माझीच कविता वर्गाला पाठ करायला लावायचो.

थांब जरा गं सिंदफणे, सांग मला तू कुठे जाशी?
वाळूवरची पाऊलचिन्हे नेतेस गं कुणापाशी?

मोहिनी नावाची मेंढपाळाची मुलगी होती. नऊ वर्षांची. दुसऱ्या ओळीशी अडखळायची. मी तिला गैरहजर मांडलं. एक दिवस नाही, एकोणीस दिवस. मला वाटायचं, उद्या येईल पाठ. पोरांना सवय झाली. खेळताना सगळी तिच्या अंगावरून जायची. त्यांत सुंदररावही होता.

पाडव्याच्या आधीचा शनिवार, अर्धी शाळा. मोहिनी नकाशांच्या खोलीत एकटी जाऊन पाठ करत बसली. मी खोलीत डोकावलो. ती भिंतीकडं तोंड करून बसली होती. मी तिला पाहिलं. आणि शिक्षा चालू होती म्हणून न पाहिल्यासारखं करून कुलूप लावलं. वाटलं, दार वाजवेल, तेव्हा उघडू. मग कोणीतरी बोलवायला आलं आणि मी गेलो.

तिनं दार वाजवलं असेल. आपलं कोणी ऐकत नाही, हे तिला एकोणीस दिवस मीच शिकवलं होतं.

दिवस मावळायच्या आत तिची आई चतुराबाई माझ्या घरी आली. विचारलं, गुरुजी, माही मोहिनी साळंत आलती का? मला खोली आठवली. पट हातात होता. हो म्हटलं असतं, तर एकोणीस ‘गै’ कशाचे, ते सांगावं लागलं असतं. वाटलं, ती खोलीत नसेलच आता, खिडकीतून गेली असेल. खिडकीला गज होते. मी पट उघडून चतुराबाईला दाखवला. म्हणालो, आली नाही.

गावानं नदी शोधली, रान शोधलं. रविवार गेला, पाडवा गेला. मंगळवारी शाळा उघडली. वर पत्रा आणि चैत्राचं ऊन.

दाराच्या आतल्या बाजूला खडूनं कविता लिहिलेली होती. सगळी. एकही चूक नव्हती.

मयताची चौकशी करताना पोलिसांनीही पटच पाहिला. पोर शाळेत आलेलीच नव्हती, चोरून खोलीत शिरली असेल, असं ठरलं. मी माझी बदली करून घेतली.

२४ फेब्रुवारी

सुंदररावाला सांगायला गेलो. मोहिनी आठवते का, एवढंच विचारलं. त्यानं बराच वेळ आठवलं. म्हणाला, आमच्या वर्गात मोहिनी नव्हती, गुरुजी.

मग कावेरीबद्दल विचारलं. कोण कावेरी, म्हणाला. दाखल्याचं पुस्तक उघडून दाखवलं, त्याची नजर त्या ओळीवरून पुढं गेली. तिथं नाव आहे. बाप अंगद, घराणं मेंढपाळाचं, मूळ गाव —

तेच गाव. धरणात गेलेलं.

२८ फेब्रुवारी

कावेरी आता जेवायच्या रांगेत उभी राहत नाही. वर्गाशेजारच्या अंथरुणांच्या खोलीत जाऊन बसते. भाकरी तिथं नेऊन देतो. आज ती वाटीभर पाणी प्यायली आणि बाजूला सरकली. जशी कोणाला तरी जागा करून दिली.

भिंतीशी कोणी नव्हतं. पण अंथरुणांवर बसल्याचा खळगा दोघींचा होता.

३ मार्च

तिचा हात धरून वर्गासमोर उभी केली. ओरडलो, ही बघा, कावेरी! पोरं माझ्याकडं बघत राहिली. वीरेश घाबरून रडला. सुंदरराव येऊन हळू आवाजात म्हणाला, गुरुजी, शिवरात झाली की तुमी आता घरी आराम करा.

तिचा हात थंड होता. वजनच नव्हतं त्याला.

६ मार्च, दुपार

सगळी शाळा परळीच्या जत्रेला गेली. ट्रकमधून. तीन दिवस. गुडघ्यांमुळं मी मागं राहिलो.

ट्रक सुटताना सुंदररावानं विचारलं, गुरुजी, चौथीची पोरं किती? पट माझ्या हातात होता. सकाळी कावेरी अंथरुणांच्या खोलीत जाताना मी पाहिली होती. पाहिली होती. एकतीस म्हटलं असतं, तर सगळे पुन्हा त्या नजरेनं —

तीस, म्हणालो.

त्यानं त्या खोलीला कुलूप लावलं. किल्ली खिशात घातली. माझ्या डोळ्यांदेखत.

दुपार, नंतर

दाराला कान लावला. आत श्वास चालू आहे. दोन.

हाक मारली. कुलूप फोडायला दगड धरला, उचलवला नाही. पत्रा तापलाय. गावाकडं निघालो, लिंबापर्यंत जाऊन परत आलो. पाय नेईनात, की मीच — गावात जाऊन काय सांगू? कोणती पोर, विचारतील. पट बघतील —

पटावर ‘ह’ काढतो. राहत नाही. पुन्हा काढतो —

फाटकाशी कोणीतरी आलं आहे. म्हातारी. हातात काठी, खांद्यावर घोंगडी. या आडरानात, भर उन्हात, एकटी. नातीला बघायला आले, म्हणते. अंगदची आई —

चतुराबाई.

तिनं ओळखलं. समोर उभी राहून थेट माझ्याकडं बघते आहे. पट माझ्या हातातच आहे. तिनं तो काठीनं बाजूला सारला. म्हणते, गुरुजी, ह्या खेपेला मी इचारणार न्हाई. तुमीच सांगा.

सांगतो. आहे. आली होती. सकाळी मी पाहिली, आणि तेव्हाही, बाई, तेव्हाही मी पाहिली होती, खोलीत, भिंतीकडं तोंड करून, आणि कुलूप मीच —