डाव्या कानाचं हाड

३ तारीख
आले बाई एकदाची! नवं गाव, नवी नोकरी, दोन खोल्या आणि माझ्या लेकीला, भिंगरीला, उड्या मारायला गच्ची. ताई थोडे दिवस तिला सांभाळायला आलीय. काम झकास आहे. शिशाच्या बंद खोलीत नमुना गोल फिरतो, त्यातून क्ष-किरणांचा झोत जातो आणि बाहेर बसून आम्ही हजारो चित्रं काढतो. माझा पहिला नमुना म्हणजे देहदानातून आलेलं डाव्या कानाचं हाड. माझ्या सहा वर्षांच्या लेकीला जेमतेम ऐकू येतं, म्हणून तर ही नोकरी धरली.

५ तारीख
चित्रं पुसट! इथले जुने तंत्रज्ञ म्हणाले, नमुना हलला, नीट चिकटवला नसशील. चिकटवला होता हो! मग कळलं, आतल्या खोलीचा स्पीकर चालू राहिला होता आणि माझी अखंड बडबड आत जात होती. तोंड मिटलं, तर चित्रं लख्ख. बोलले, की कानातली ती इवलीशी हाडं हलतात. मेलेला कान ऐकतोय! हसूच आलं.

८ तारीख
मला वेडी म्हणा. आज स्पीकरवरून त्या कानाला सांगितलं, माझ्या पोरीला ऐकू येऊ दे, बदल्यात हवं ते घे. घरी आले तर ताई रडतेय. भिंगरी नळाच्या टपटपीकडे वळून बघत होती! मी नाचले अक्षरशः.

११ तारीख
भिंगरीने ताईला विचारलं, ‘हवं ते घे’ असं आई कोणाला म्हणाली? मी कोणालाच सांगितलं नव्हतं.

१२ तारीख
स्पीकर बंद. मी गप्प. तरी चित्रं पुसट. आत कोणीतरी बोलतंय. खोली तीनदा तपासली. कोणी नाही.

१३ तारीख
ताई म्हणते, भिंगरी दिवसभर एकटीच बोलत बसते. कोणाशी, तर म्हणे आईशी. मी तेव्हा कामावर—
हाड डबीत घालून कपाटाला कुलूप लावलं.

१४ तारीख
भिंगरी ताईची हाक ऐकते. नळ ऐकते. मी तिच्या कानाशी जाऊन ओरडले, वळली नाही. फक्त माझाच आवाज— हेच घेतलं का त्या कानाने?

१५ तारीख, दुपार
ताई खाली गेलीय. दाराला आतून कडी. भिंगरी चपला घालून दाराकडे बघत म्हणते, आले गं आई. मी मागे आहे. एका हाताने तिला धरलंय. आत्ता वळून माझ्याकडे पाहिलं. अनोळखी माणसाकडे बघावं तसं. म्हणाली, काकू, सोडा ना, माझी आई आलीय.
कडी सरकतेय. मी नाही— भिंगरी, अगं—