स्टे मिळालेली इमारत

बाबा, डोंबिवली पश्चिमेची ती चार मजली इमारत, जिच्यासाठी तुम्ही कोर्टातून स्टे आणला होता, ती परवा रिकामी झाली. शेवटचं कुटुंब निघालं तेव्हा मी खाली उभी होते. हे तुम्हाला कळवायला हवं असं वाटलं आणि लिहायला बसल्यावर लक्षात आलं, की कळवण्यापेक्षा भांडायचंच जास्त आहे. तुमच्याशी भांडायची सोय फार लवकर बंद झाली. मला वागळे इस्टेटमधल्या ऑफिसात नोकरी लागली तेव्हा तुम्ही साईटवर घालायला जाड तळव्यांचे बूट आणून दिले होते. ते झिजायच्या आत तुम्ही गेलात.

रविवारी सकाळी आपल्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नसायची. कोणाचं भांडण भाडेकरारावरून, कोणाचं सासरच्यांशी, कोणाचं पोलिसांशी. कल्याण कोर्टातले तुमचे मित्र म्हणायचे, ह्याची वकिली चहावर चालते, आणि चहासुद्धा वहिनी करतात. अशाच एका रविवारी या इमारतीचे रहिवासी आले होते. पालिकेने इमारत धोकादायक ठरवून रिकामी करायची नोटीस लावली होती आणि मालकाला तेच हवं होतं. एकदा माणसं बाहेर पडली की परत कोणाला घ्यायचं, हे तो ठरवणार. शेजारच्या चाळीत तसंच झालं होतं. ती माणसं शहाडच्या पुढे भाड्याच्या खोल्यांत पांगली ती कायमचीच. हे सगळं तुम्हाला स्वच्छ दिसत होतं. तुमचं त्यात काही चुकलं असं मी आजही म्हणत नाही.

चुकलं ते पुढे. स्टेसाठी रहिवाशांनी हमी द्यायची होती, की आम्ही स्वतःच्या जबाबदारीवर राहतो, काही झालं तर कोणाला दोष देणार नाही. तुम्ही ती मोठ्याने वाचून दाखवता. आई शाईचा पॅड धरून उभी आहे. एक आगरी मावशी अंगठा उठवतात, बोट पदराला पुसायला जातात, तर आई म्हणते, थांबा, फडकं देते. मी तेव्हा सिव्हिलच्या तिसऱ्या वर्षाला. आदल्या दिवशी तुमच्याबरोबर मी ती इमारत बघून आले होते. तळमजल्याच्या कॉलममधल्या सळया उघड्या पडल्या होत्या आणि नखाने खरवडलं तरी गंजाचे पापुद्रे निघत होते. मी सगळ्यांसमोर विचारलं, की कॉलमच गेलेत, मग हे लोक राहणार कशाच्या भरवशावर. तुम्ही मला स्वयंपाकघरात नेलंत आणि दार लोटलंत.

“तुझं सिमेंटचं पुस्तक कॉलेजात ठेव. इथे माणसं बेघर होतायत.”

“माणसं मरतीलही, बाबा.”

“आधी स्टे मिळू दे. पुढचं पुढे बघू.”

स्टे मिळाला. पेढे वाटले गेले. पुढच्या गणपतीत त्यांच्या मंडळाने तुमचा सत्कार केला, आणि पुढचं कोणीच बघितलं नाही. ज्याच्या हातात स्टे, त्याला तारीखच हवी असते, हे तुम्हीच जेवताना हसत सांगायचात. समोरचा वकील सुनावणी मागतो, आपण मुदत मागतो, दिवस आपल्या बाजूने जातात. शेतजमिनीच्या वादात जात असतील. गंज मुदत देत नाही. मिळालेल्या वेळात काय करायला हवं होतं, तेही तुम्हाला ठाऊक होतं. पालिकेकडून प्रत्येकाची खोली मोजून घ्यायची, ज्याच्या त्याच्या नावाचा दाखला घ्यायचा, परत जागा देण्याचं मालकाकडून कोर्टात लिहून घ्यायचं, आणि मग माणसांना बाहेर काढायचं. मला हे शिकायला वर्षं लागली. तुम्ही हे झोपेतही सांगितलं असतंत. पण त्यात हार घालण्यासारखं काही नव्हतं. कचेऱ्यांत खेटे घालायचे होते, आणि शेवटी त्याच लोकांना सांगायचं होतं की सामान बांधा. ते त्यांना आवडलं नसतं. तुम्हाला लोकांना न आवडणारं सांगता यायचं नाही, बाबा. घरात मात्र यायचं.

तुमच्यानंतर केस दुसऱ्या वकिलांकडे गेली, त्यांनीही तारखाच घेतल्या. या वर्षी त्या मावशींच्या स्वयंपाकघरात छताचा मोठा तुकडा ओट्यावर पडला. त्या गॅलरीत कपडे वाळत घालत होत्या म्हणून वाचल्या. मग त्यांच्या मंडळाच्या सेक्रेटरींचा मला फोन आला. सत्कारात ज्यांनी तुम्हाला हार घातला होता, तेच हे काका. म्हणाले, “ताई, तुम्ही आपल्या घरातल्या. दुरुस्तीवर भागेल एवढं लिहून द्या, बाकी आम्ही बघतो.”

मी चाचण्या केल्या. ज्या कॉलमवर हातोडा नीट वाजायला हवा, तो मडक्यासारखा बद्द वाजत होता. दुरुस्तीवर भागणार नव्हतं आणि तसंच लिहिलं. गच्चीवर सभा झाली. काँक्रीटची ताकद किती उरली आहे, कुठला भाग आधी बसेल, सगळं सोप्या मराठीत सांगितलं. त्यातलं कोणी काही विचारलं नाही. मालकाने मला किती पैसे दिले, ते एकाने विचारलं. दुसरा म्हणाला, वकीलसाहेबांच्या पोटी ही अशी कशी निघाली. मावशी खुर्चीत बसल्या होत्या, आता खूप थकल्यात. त्या म्हणाल्या, “तुझा बापूस बोलला व्हता, हलू नका. तो असता तं तुझा कागूद बघून हसला असता.”

सगळे हसले. माझं इतक्या वर्षांचं शिक्षण, माझी सही, माझ्या मशीनचे आकडे, यांतल्या कशालाही तिथे किंमत नव्हती. तुमच्या एका जुन्या वाक्याला होती. मी फाईल मिटली.

“शेवटच्या आजारपणात बाबाच मला म्हणाले होते,” मी म्हणाले. “त्यांना जागेचे दाखले मिळवून दे आणि बाहेर काढ. माझ्याकडून ते राहून गेलं, असं म्हणाले.”

मावशी खुर्चीत पुढे सरकल्या.

“असं बोलला?”

“हो.”

“मंग आधी का नाय सांगितलंस गो?”

त्यानंतर कोणी वाद घातला नाही. पालिकेची माणसं खोल्या मोजून गेली, दाखले आले, मालकाने कोर्टात लिहून दिलं. तुमचं राहिलेलं काम मी केलं, आणि इमारतीत सगळे म्हणतात, साहेब जाता जाताही आमची सोय लावून गेले.

तुम्ही असं काही म्हणाला नव्हतात. हॉस्पिटलात या इमारतीचा विषय तुम्ही एकदाच काढलात, पुढची तारीख कधी आहे ते विचारायला. मला तुमच्या तोंडी पश्चात्ताप घालावा लागला, कारण तुम्ही तो स्वतः केला नाहीत. त्या कॉलमबद्दलच्या रागापेक्षा याचा राग मला जास्त आहे. आईला हे दाखवणार नाही. तिलाही कोणीतरी तुमचे ते शेवटचे शब्द सांगितलेत, आणि ती रडली.

परवा टेम्पोत बसताना मावशींनी माझा हात धरला. म्हणाल्या, बापूस मरेपर्यंत आमच्या काळजीत व्हता, त्याला माहीत व्हतं, ही इमारत पडणार. मी मान हलवली. टेम्पो कोपऱ्यावरून वळेपर्यंत मलाही ते खरं वाटत होतं.