दीड मिनिटाचं गाणं

मिनिआपोलिस,
९ फेब्रुवारी १९८६

ती. नेदाताईस,
तोंचीचा सा. न. वि. वि.

इतक्या दिवसांनी पत्र बघून घाबरशील, म्हणून आधीच सांगतो. मी जेवतो आहे, झोपतो आहे, फक्त घसा गेला आहे. इथल्या डॉक्टरीणबाईंनी आरसा घालून पाहिलं. स्वरतंतूंवर गाठी आल्या आहेत. साध्याच आहेत, पण वर्षभर ओरडायचं नाही, हळू बोललं तर चालेल. काय काम करता, असं त्यांनी विचारलं. पंक बँडमध्ये गातो म्हटल्यावर म्हणाल्या, मग तुम्ही आजपासून बेकार.

बाकीचे तिघे व्हॅन घेऊन घरी परतले. मी राहिलो, कारण पुढच्या गावांतले हॉल ठरलेले आहेत आणि तिथल्या पोरांनी थंडीत हिंडून स्वतः पत्रकं चिकटवली आहेत. आता मी एकटाच उभा राहतो. गिटार नाही, ड्रम नाही. एक माईक, एक स्टूल आणि गरम पाणी. उभा राहून नुसता बोलतो. पहिल्या वेळी समोरचे ओरडायला लागले की बडबड पुरे, गा आता. एकाने बिअरचा डबा फेकून मारला. काही सुचेना, म्हणून मी बाबांचं सांगायला लागलो. जाळं दुरुस्त करताना सुई दातांत धरून ते मला शिव्या कशा द्यायचे, ते. ताई, मागचे लोक पुढे सरकून ऐकायला लागले. डबा मारणाऱ्याने नंतर येऊन सांगितलं की त्याचा बाप खाणीत होता, पण शिव्या त्याच. मग तोच मला घरी झोपायला घेऊन गेला. सकाळी त्याच्या आईने अंडी करून वाढली आणि माझे केस बघून मुलाला विचारलं की हा आजारी आहे का.

आता मुद्द्याचं. १२ एप्रिलला, शनिवारी, आपल्या सॅन पेद्रोला कार्यक्रम आहे, आपल्याच दाल्मेशियन मंडळींच्या हॉलमध्ये. तिथे मला तुझ्या लुकाचा शेवटचा दिवस सांगायचा आहे. नवीन त्यात काही नाही. रेकॉर्डवरच्या चौथ्या गाण्यात सगळं आहे आणि सात वर्षं तू ते ऐकते आहेस. त्याबद्दल तू कधी अवाक्षर काढलं नाहीस. त्या न बोलण्याच्या आधारावरच मी घरी येत-जात राहिलो. पण बँडच्या गोंगाटात ओरडणं निराळं आणि आपल्या गावच्या माणसांपुढे, तू समोर असताना, बोलणं निराळं. तू नको म्हणालीस तर सांगणार नाही.

शिकागोचा पत्ता मागे लिहिला आहे. लोभ आहेच, तो या केसांसकट राहू दे.

तुझा,
तोंची

*

सॅन पेद्रो,
१७ फेब्रुवारी १९८६

चि. तोंचीस,
नेदाताईचे अनेक आशीर्वाद.

गाठींचं वाचून काळजी वाटली, आणि खरं सांगू, थोडं बरंही वाटलं. निदान वर्षभर तरी तू माणसासारखा बोलशील. सेजची पानं उकळून मधातून घे. बिअर घेऊ नकोस, फेकून मारलेलीसुद्धा.

इथलं ठीक. बेटावरचा ट्यूना मासे डब्यात भरायचा कारखाना बंद होणार असं रोज कुणीतरी सांगतं आणि रोज सकाळी भोंगा होतो. डाव्या कानाने मला आता जवळजवळ ऐकू येत नाही. वीस वर्षं डब्यांच्या यंत्राशेजारी उभं राहिल्यावर दुसरं काय होणार? शेजारची पेरीना म्हणते, तुझं बरं आहे बाई, भावाचं गाणं अर्धंच ऐकावं लागतं.

आणि गाण्यावरून आठवलं. तोंच्या, तू सहा वर्षांचा असल्यापासून मी तुझ्याशी खोटं बोललेले नाही, तेव्हा आताही बोलत नाही. तुझ्या रेकॉर्डवरचा एक शब्द मला कधी कळलेला नाही. दर रविवारी फरशी पुसताना मी ती लावते, ती घसा बरा आहे ना एवढं ऐकायला. चौथं गाणं लुकाचं आहे हे मला आजच कळलं. ते तर दीड मिनिटात संपतं. त्यात काय मावलं असेल?

माझ्या नवऱ्याबद्दल बोलायला परवानगी कसली मागतोस? लग्नाला सात महिने झाले होते, बाबांच्या बोटीवर तो नव्या बुटांनी घसरला आणि पाण्यात गेला, हे सगळ्या गावाला माहीत आहे. तू खुशाल सांग. उलट पंधरा वर्षांत त्याचं नाव कुणी मोठ्याने घेतलेलं नाही, ते हॉलमध्ये घेतलं जाईल. फक्त शिव्या कमी घाल. हॉलची किल्ली बायकांच्या मंडळाकडे, म्हणजे माझ्याकडे असते, आणि तुझी पोरं मागच्या वेळी नाचून गेली तेव्हा फरशी मी पुसली होती.

वेळेवर जेवत जा. माझी माया आहे तिथेच आहे.

तुझी,
नेदाताई

*

शिकागो,
२६ फेब्रुवारी १९८६

ती. नेदाताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र तीन दिवस खिशात घेऊन फिरतो आहे. मला वाटत होतं की तुला माहीत आहे. बँडवाल्याला वाटतं, आपण गाण्यातून सांगितलं म्हणजे सांगून झालं. सात वर्षं मी जिवाच्या आकांताने ओरडून तुला सांगत होतो आणि तू माझा घसा तपासत होतीस.

आता कागदावर सांगतो. वाचताना बसून वाच.

लुका घसरला नाही. आम्ही बांगड्यांवर जाळं टाकत होतो. जाळ्याचा दोर मागून पाण्यात सुटत होता, बाबा सुकाणूवर, लुका मागच्या कठड्याशी आणि मी दोर सोडणाऱ्या विंचच्या चाकापाशी. माझं काम एकच होतं. हाक आली की ब्रेक दाबायचा. लोकरी टोपीखाली माझ्या एका कानात ट्रान्झिस्टरची तार होती आणि दुसऱ्या कानाशी इंजिन. मी गाणं ऐकत होतो. दोराचा वेढा लुकाच्या पायात अडकला. तो ओरडला असणार, कारण सुकाणूवरून बाबांना ऐकू गेलं. मला गेलं नाही. मी मान वळवली तेव्हा कठड्याशी कुणी नव्हतं, दोर तसाच पळत होता आणि बाबा माझ्याकडे धावत येत होते. त्यांनीच ब्रेक दाबला.

लुकाला आम्ही वर काढलं, पण तोवर उशीर झाला होता. मग बाबांना टोपीखालून लोंबणारी तार दिसली. मला वाटलं, मला फेकतील. त्यांनी रेडिओ फेकला. धक्का दिसायला लागल्यावर एवढंच म्हणाले की तो घसरला, आणि हे मरेपर्यंत बदलायचं नाही. मी रडत विचारलं, का? ते म्हणाले, रेडिओ तिने दिलाय तुला.

माझ्या सोळाव्या वाढदिवसाला तू दिला होतास, ताई. तुला कळू नये म्हणून ते गप्प राहिले आणि तसेच गेले. मी त्यांना वचन दिलं होतं, ते गाण्यात घालून मोडलं. गाण्यात मोडलेलं कुणाला दिसत नाही, हे आज कळतं आहे.

१२ तारखेला काय करायचं ते तू सांगशील तसं. यापुढे माया मागण्याचा मला हक्क नाही, म्हणून मागत नाही.

तोंची

*

पिट्सबर्ग,
१९ मार्च १९८६

ती. नेदाताईस,
सा. न.

दोन मुक्कामांवर तुझं पत्र नव्हतं. पेरीनाला फोन केला. तू कामावर जातेस, एवढंच ती म्हणाली. कार्यक्रम रद्द करायचा असेल तर हॉलच्या दारावर कागद लाव, मला समजेल. पुढचा पत्ता डेन्व्हरचा आहे.

तोंची

*

सॅन पेद्रो,
३१ मार्च १९८६, ईस्टरचा सोमवार

चि. तोंचीस,
आशीर्वाद.

पाच आठवडे मी लिहिलं नाही. लिहिलं असतं तर जे लिहिलं असतं, ते परत घेता आलं नसतं.

आधी मी तुझ्या रेकॉर्डमधला गाण्यांचे शब्द छापलेला कागद शोधला. तो मी सात वर्षांपूर्वी स्वयंपाकघरातल्या खणात काट्याचमच्यांखाली पसरला होता. चांगला जाड कागद, वाया कशाला घालवायचा म्हणून. भिंग घेऊन वाचला. चौथ्या गाण्यावर तेलाचा डाग आहे, पण सगळं वाचता येतं. रोज जेवताना मी तो खण उघडत होते आणि बंद करत होते.

मग बाबांच्या थडग्यावर गेले आणि फुलं न ठेवता परत आले. काल ईस्टरलाही ठेवली नाहीत. पेरीना म्हणाली, मेलेल्या माणसाशी भांडण बरं नव्हे. मी म्हटलं, जिवंत होता तेव्हा त्याने संधीच दिली नाही.

माझा राग कशाचा आहे, ते तुला कळायला हवं. तू सोळा वर्षांचा होतास. रेडिओचा मला राग नाही. पण ते नवे बूट मी आणले होते, तोंची. जुन्यांचे तळवे फाटले नव्हते, मलाच ते बरे दिसत नव्हते म्हणून मी ते टाकून दिले. नव्या तळव्याला पकड नसते हे कोळ्याच्या मुलीला कळायला नको होतं का? पंधरा वर्षं मी रोज सकाळी ते बूट त्याच्या पायात चढवते आहे. ज्या दोषातून तुम्ही मला वाचवलंत, त्याच्या जागी दुसरा माझ्या पदरात टाकलात, आणि तुम्हा दोघांना पत्ता नव्हता. तुम्ही बापलेकांनी एकदा तरी मला विचारायचं होतं.

हे लिहून झालं. आता दुसरं.

रेडिओ मी दिला खरा, पण निवडला लुकाने. मला तुला रेनकोट घ्यायचा होता. लुका दुकानात अडून बसला. म्हणाला, हा पोरगा दिवसभर डेकवर गातो आणि एक सूर धड लागत नाही, निदान गाणं असतं कसं ते तरी त्याला ऐकू दे. दुकानदार हसला, मीही हसले. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण तुला वाईट वाटलं असतं.

हे तू १२ तारखेला सांगायचंस. आधी हे सांग. लोक हसतील, हसू दे. लुकाला लोक हसलेले आवडायचे. मग पाणी पी आणि उरलेलं सगळं सांग, रेडिओ कुणी दिला त्यासकट. बूटसुद्धा. माझं नाव घे.

हॉलच्या समितीला मी कळवलं आहे. तुझी पोरं उभीच राहतात, पण या वेळी खुर्च्या मांडणार आहे. ऐंशी आहेत. कारखान्यातल्या बायका येणार आहेत, त्यांचे पाय दुखतात. आपले गोड क्रोश्तुले तळून ठेवीन, बिअर मिळणार नाही.

माझी माया तू मागितली नाहीस, तरी पाठवते आहे. ती तुझ्या हक्काची नव्हतीच कधी. ती माझी आहे, मला वाटेल तिथे देईन.

मी पहिल्या रांगेत अगदी डाव्या टोकाला बसेन, म्हणजे उजवा कान तुझ्याकडे येईल. माझ्याकडे बघून बोल. आणि घाई करू नकोस, हळू सांग.

तुझी,
नेदाताई