शून्य गुणांचे रेफरी

३ मार्च, सोमवार
मानवजातीने युद्धं सोसली, रोगराई सोसली; पण माझी चाकांची खुर्ची गेली, याची नोंद इतिहासात कुठेच होणार नाही! विभागप्रमुखांनी पाहुण्यांसाठी नेली. मी स्टुलावर — चार पायांपैकी एकाचे बाकीच्यांशी मतभेद.
त्यावर बसूनच वाचाघाताचे बारा पेशंट तपासले. मी म्हणायचं, 'मुलीला मुलानं ढकललं.' समोरच्या चित्रात एका बाजूला मुलगा, दुसऱ्या बाजूला मुलगी. ढकलणाऱ्याकडे बोट दाखवायचं. मेंदूला झटका बसल्यावर ऐकलेलं वाक्य कितपत कळतं, त्याची ही परीक्षा.

४ मार्च
गटाची सरासरी निघाली — निम्मी उत्तरं बरोबर. प्रमुख खूश. "म्हणजे सगळा अंदाजपंचे कारभार! वाक्य कळतच नाही."
म्हटलं, बारा जणांत नेमके निम्मे गुण एकालाही नाहीत; कुणाचं बहुतेक सगळं बरोबर, कुणाचं बहुतेक सगळं चूक.
"एकटा माणूस म्हणजे किस्सा, बाई. गट म्हणजे विज्ञान."
मग चपलांच्या नंबरांचीही सरासरी काढा आणि बाराही जणांना तोच जोड घाला!
बारांतल्या एका निवृत्त फुटबॉल रेफरींना तर शून्य. प्रमुखांनी रेफरींच्या समोरच त्यांच्या बायकोला सांगून टाकलं, "यांना काही कळत नाही. शुक्रवारनंतर उपचार बंद."

५ मार्च
ते शून्य काही पचत नाही. नाणं उडवलं तरी कधीतरी छापा पडतो. झाडून सगळं चुकायला उत्तर माहीत असावं लागतं!

६ मार्च
परीक्षा पुन्हा घेतली. 'मुलीला मुलानं ढकललं' — रेफरींचा हात ताठ, आडवा, मुलीकडे.
बायकोला हसू फुटलं. "अहो, हे मैदानावर अस्साच हात करायचे! ज्याला पाडलं, त्याच्या बाजूनं."
धन्य! फाउल मुलाचा, फ्री किक मुलीला. आणि आम्ही शहाणे शून्य देऊन मोकळे.
पुठ्ठ्याची दोन कार्डं कापून दिली, पिवळं ताकिदीचं आणि लाल मैदानाबाहेर काढण्याचं. "ढकलणाऱ्याला दाखवा." एकही चूक नाही! एका चित्रात म्हाताऱ्याला ढकलणाऱ्या मुलीला तर थेट लाल.
प्रमुख: "एका रेफरीवरून जगाचा मेंदू सांगणार?"
नाही. पण जगाच्या सरासरीवरून या एकाला घरी पाठवू नका.
कुरकुरत का होईना, उपचार चालू ठेवले.

७ मार्च
रेफरींच्या बायकोला आनंदाची बातमी दिली — "यांना सगळं कळतं. पहिल्यापासून."
त्यांचा चेहरा पडला. "सगळं? मी लेकीला फोनवर... वृद्धाश्रम बघ म्हणाले... यांच्या शेजारी बसून..."
रेफरींनी खिशातून कार्डं काढली. बराच वेळ दोन्हींकडे पाहिलं. पिवळं दाखवलं. मग हातानं खूण केली — खेळ चालू.