शेजारच्या बागेतला करपा

धुळे, मे १९९९

प्रिय लोटन,

तुझी अक्का पार मेटाकुटीला आलीय बघ. कॉलेजचे गणिताचे पेपर तपासायचे पडलेत आणि मी रावेरच्या फेऱ्या मारतेय. एसटीत बसून कंबर मोडली. तिथल्या केळीच्या व्यापाऱ्यांनी एचआयव्हीच्या औषधांसाठी निधी उभा केलाय. औषधं थोडी, माणसं फार. आधी कुणाला द्यायची, याचं गणित मांडायला मला बोलावलं. रेशनकार्ड बघून गावच्यांनाच द्या, असं सगळ्यांचं मत.

मी मांडलं. एका बाजूला गावचे, दुसऱ्या बाजूला सातपुड्यापलीकडून केळी कापायला येणारे. ते येतात, राहतात, जातात, पुन्हा येतात. औषधानं लागण कमी होते असं धरलं, तर नुसत्या गावच्यांना देऊन आजार हटत नाही. बाहेरच्यांनाही दिलं, की दोन्हीकडे उतरत जातो. समितीचे अध्यक्ष पितांबरनाना म्हणाले, आधी घरचे, मग दारचे; पैसा आमचा, गणिताच्या बापाचं काय जातंय! असा संताप आला! म्हटलं, नाना, शेजारच्या बागेत करपा पडलाय आणि तुम्ही आपल्याच बागेत फवारताय, किती दिवस पुरेल? नानांनी मग चहा मागवला.

पारोळ्याला किल्ल्यामागे चिंचांचे वाटे तू करायचास आणि आधी उचलायला मला सांगायचास, ते परवा एसटीत आठवलं. आखाजीच्या सणाला तू आला नाहीस. सुरतेहून तुझ्या शेजारच्या मागावरचा वना आला होता. आई यंदा झोक्याकडे फिरकलीसुद्धा नाही.

शनिवारी समितीनं मान्य केलं, रेशनकार्ड मागायचं नाही. उठताना नानांनी विचारलं, बाहेरच्यांत तुमचं कोणी आहे का? मी नाही म्हटलं. खोटं बोलले रे. वनानं मला सगळं सांगितलंय. सुरतेत औषध मागितलं की तुला म्हणतात, तुझ्या गावी जा. आणि इथं आईच्या कार्डावरून तुझं नाव केव्हाच कमी झालंय. तुझ्यासाठी आकडे वाकवले नाहीत, पुन्हा पुन्हा तपासले. वाकवावे लागले असते तर काय केलं असतं, ते मात्र विचारू नकोस. आईला मी नुसता ताप म्हणून सांगितलं. ती म्हणाली, माले बठ्ठं समजस, त्याले घर लई ये. तिला सगळं कळलंय, तुला घरी घेऊन यायला सांगते. लाजू नकोस. मिळेल ती गाडी पकड, मी धुळ्याच्या स्टँडवर उभी राहते. ये रे बाबा.

तुझीच,
अक्का