गाण्यातून खोडलेला शब्द

बा, तुझं गाणं अजून चालू आहे. परवा किन्हीराजाला एका लग्नात बँडवाल्यानंही वाजवलं. निंदणाला जाणाऱ्या बाया म्हणतात, जयंतीला पोरं म्हणतात, आणि कोणाचं म्हणून विचारलं तर 'आपल्याकडचंच आहे' एवढंच सांगतात. तुला ते आवडलं असतं. मला मात्र ते कानावर पडलं की तिसऱ्या कडव्याआधी उठून जावंसं वाटतं.

तुला लिहिता येत नव्हतं, म्हणून तू मला वही घेऊन बसवलंस. माय चुलीपुढं भाकरी थापते आहे, तू एकेक ओळ म्हणतो आहेस आणि मी उतरवता उतरवता सुधारते आहे. मी सातवीत, शाळेत 'मले-तुले' बोलले म्हणून नुकतीच बोलणी खाल्लेली, शुद्धलेखन अंगात भिनलेलं. गाणं आजीवरचं. दिवसभर निंदून ती बांधावर टेकली की तिला जे व्हायचं, त्यासाठी तिसऱ्या कडव्यात एक शब्द आला. मी म्हटलं, "हा नाई चालत, बा. पुस्तकात नसते असा."

"थो तुह्या आजीचा शब्द होय. थे निंदता निंदता म्हने." तू वहीकडं पाहिलंस. "पर तू शिकेल हायेस, बाई. तुले बरोबर वाट्टे थो लिव."

मी 'वेदना' लिहिलं. तू ते पाठ केलंस आणि मरेपर्यंत तसंच म्हटलंस. त्या जागी दर वेळी अडखळायचास, साथीचा पेटीवाला हसायचा. तू माझ्या शिक्षणाचा मान ठेवत होतास आणि मला वाटायचं, तुझं वय झालं.

आता मला तो शब्द हवा आहे. माय गेली, पेटीवाला गेला. जऊळक्याच्या आत्याकडं गेले, तर तिनं गाणं म्हटलं आणि त्या जागी तीही 'वेदना'च म्हणाली. "असंच हाय ना थे," म्हणे, "पयलेपासूनच." आजीच्या पोटच्या लेकीलाही आठवत नाही. मला ओठांवर येतोसा वाटतो आणि 'वेदना' मध्येच येऊन बसते. तो आता सापडायचा नाही, बा. मी शोधणंही सोडलं आहे.

हा कागद तुला कुठल्या पत्त्यावर धाडायचा, म्हणून फाडूनच टाकेन. त्याआधी एक सांगते. पुस्तकात नसतो म्हटलं, पण मी कुठलंच पुस्तक पाहिलं नव्हतं. मला त्या शब्दाचा अर्थ कळला नव्हता आणि तुला विचारायची लाज वाटली.