रुसलेली आत्या आणि माझा पहिला तास

९ फेब., सोम.
ठरलं! २२ तारीख, रविवार, सं. ५ वा. पनवेलमध्येच, माझा एकटीचा, पूर्ण एक तासाचा स्टँड-अप कॉमेडीचा शो. इतकी वर्षं कुणाच्या तरी आधी पाच मिनिटं, कुणाच्या तरी नंतर सात मिनिटं. आता पोस्टरवर मी एकटी. आरशासमोर नाचून घेतलं.
शेवटची दहा मिनिटं अर्थात आत्या. काकाच्या हळदीतून रुसून ती बेलपाड्याला सासरी निघून गेली, आणि तिला आणायला हळदीत वाजवायला आलेली अख्खी बँजो पार्टी वाजतगाजत गेली. हा किस्सा आजवर कुठेच पडलेला नाही. आत्याला अर्थात पत्ता नाही.

११ फेब., बुध.
घात! आईला म्हटलं होतं, तू ये, हवं तर आत्याला आण. बाईसाहेब आमच्या रोडपालीत घरोघर आमंत्रण देऊन आल्या, लग्नाचं देतात तसं. "यक घर सोरला तर वरीसभर तोंड दाखवाला नको." हॉल दीडशेचा, त्यात ऐंशी बायका आमच्याच. एकसारख्या साड्यासुद्धा ठरल्यात! पहिल्या रांगेत मधोमध आत्या. डोकं फिरलंय, पण हसूही आवरत नाही.

१४ शनि.
खारघरला ओपन माइक. आत्याला वगळून पाहिलं. सपशेल आपटले. म्हणजे किस्सा हवाच, आणि तिला आधी सांगायला हवं. नको म्हणाली तर...

१८ बुध.
गेले आत्याकडे. ती वाल सोलत बसली होती. सगळं करून दाखवलं, तिच्या आवाजात, तिच्यासारखं चालून. एकदाही हसली नाही. मग म्हणाली, "बेस करतंस. पन अर्धाच सांगतंस."
तेव्हा तिचा नवरा जाऊन वर्षही झालं नव्हतं. धाकट्या भावाला हळद लावायला पुढे झाली, तर हातातली वाटी काढून घेतली. विधवेनं लावायची नाही म्हणून.
"कुणी?"
"तुजे आयशीनं."
चार वर्षं मी त्या रुसव्यावर लोकांना हसवतेय. फार लाज वाटली. आता नाही सांगत, म्हटलं, तर माझ्यावरच खेकसली. "सांगाचा! पन पुरा सांगाचा."
रिक्षातच सगळं टिपून घेतलं. भीतीनं, आणि खरं सांगायचं तर आनंदानंही. किस्सा आता कुठे जमलाय. असं वाटणं वाईट आहे का?

२२ रवि., ४.३०
विंगेतून पाहिलं. हॉल भरला! आई आत्याच्या शेजारीच. दोघी त्याच मोरपंखी साडीत, एकाच पुड्यातले वेफर्स खातायत. पुरं सांगितलं तर आई दुखावणार, अर्धं सांगितलं तर आत्या. आणि तरी कधी एकदा स्टेजवर जाते असं झालंय!

२३ सोम.
सांगितलं. पुरं.
बँजोला लोक खुर्चीत लोळले. वाटीपाशी आईची मान खाली. मी पुढचं वाक्यच विसरले. तेवढ्यात आत्याच ओरडली, "मंग काय झाला, सांग ना गो!" आणि जो हशा फुटला! शेवटी लोक उभे राहिले. माझ्यासाठी! अजून खरं वाटत नाही.
आई घरी येताना तोंड फिरवून बसली. सकाळी चहा माझ्यापुढे ठेवून लगेच आत गेली. आत्ता म्हणाली, "आत्येला फोन लाव." लावून दिला, दारात उभी राहून हे लिहितेय. पलीकडून आत्याचं "बोल गो वयनी" इथपर्यंत ऐकू आलं. आई फोन कानाला धरून उभी आहे, अजून एक शब्द बोललेली नाही.